जामीन : चिनी व्यापारातील विश्वासाची घडण

चिनी व्यापाराविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ‘ग्वानशी’ हा शब्द हटकून कानी पडतो आणि त्याचा अर्थ ‘वशिला’ असा लावून विषय मिटवला जातो. हा अर्थ मला अपुरा, किंबहुना अन्यायाचा वाटतो. कारण वशिल्यात एकाचे काम दुसऱ्याच्या अधिकारावर भागते आणि तेथेच संपते, परंतु ग्वानशीत एकाच्या वर्तनाची जबाबदारी दुसऱ्याच्या माथी येते, आणि ज्याच्या माथी ती येते त्याची इभ्रत, त्याची पत, पुष्कळदा त्याची मालमत्ताही तिच्यात गुंतून पडते. ‘शिनयोंग’ म्हणजे आपली पत, ‘म्येनत्झ’ म्हणजे इभ्रत, आणि ‘रेनछिंग’ या शब्दात आपली भीड, आपला मुलाहिजा आणि फेडायचे राहिलेले उपकार ही सारी एकत्र नांदतात. या तिहींना बांधणारा धागा मराठीत सांगायचा तर तो जामीनकीचा होय.

फै श्याओतुंग या थोर समाजशास्त्रज्ञाचा चिनी ग्रामसमाजावरील निबंधसंग्रह 1948 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या समाजाला पाण्यात दगड पडल्यावर उठणाऱ्या तरंगांची उपमा दिली आहे. प्रत्येक माणूस आपापल्या वलयांच्या मध्यभागी उभा असतो. जवळची वलये ठळक, दूरची फिकट. गावात राहणाऱ्याचे एवढ्यावर भागते. परंतु ज्याचा माल हजार कोस दूर जायचा आणि ज्याची रक्कम अनोळखी शहरात कोणाच्या तरी हाती पडायची, त्याने त्या फिकट वलयांचे काय करावे?

या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर मला शान्शी प्रांतातील पिंगयाव या तटबंदीच्या गावात सापडते. तेथे 1823 च्या सुमारास लेइ ल्यूताय या कारभाऱ्याने, ली घराण्याच्या भांडवलावर चाललेल्या रंगांच्या दुकानाचे रूपांतर हुंडीच्या पेढीत केले. तिचे नाव रशंगछांग. तोवर चांदी एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायची तर सशस्त्र रखवालदारांचे तांडे सोबत द्यावे लागत. आता कागदाचा एक तुकडा नेला की काम भागू लागले. पण त्या कागदामागे काय उभे होते, हे पाहण्याजोगे आहे. पेढीत उमेदवारीला घ्यायचा मुलगा शान्शीचाच, बहुधा आसपासच्या गावांतला असे. त्याच्यासाठी प्रतिष्ठित जामीन उभा राहावा लागे, आणि मुलाने अफरातफर केली तर भरपाई त्या जामिनाकडून होई. गुमास्ता दूरच्या शाखेवर साधारण तीन वर्षांच्या मुदतीने जाई, बायकामुले मात्र गावीच राहत. हुंडी ठरावीक माणसाच्याच हस्ताक्षरात लिहिली जाई, आणि ते अक्षर प्रत्येक शाखेला ओळखीचे असे. महिने, दिवस आणि रकमा यांच्यासाठी सांकेतिक अक्षरे योजलेली असत व ती मुखोद्गत करावी लागत. याखेरीज ज्याने एक कवडीही भांडवल घातलेले नाही, अशा अनुभवी नोकराला त्याच्या श्रमाबद्दल नफ्यात हिस्सा मिळे. धाक आणि वाटा या दोहोंचा असा मेळ ज्यांनी घातला, त्यांना मनुष्यस्वभावाची उत्तम पारख होती असे मी मानतो. ‘पूर्वीची माणसे प्रामाणिक होती’ हे सुभाषित त्यांच्या कर्तृत्वाला न्याय देत नाही.

कँटन बंदराची तऱ्हा वेगळी, पण मर्म तेच. परदेशी व्यापार ज्या मोजक्या व्यापाऱ्यांच्या हाती बादशाही सरकारने सोपवला होता, त्यांपैकी एकाला प्रत्येक परदेशी जहाजासाठी जामीन राहावे लागे, आणि त्यांच्यातल्या एकाचे दिवाळे निघाले तर कर्जाचा भार उरलेल्यांवर पडे. त्यांचा अग्रणी हौक्वा. एका कर्जबाजारी अमेरिकन व्यापाऱ्याची 72,000 डॉलरची वचनचिठ्ठी त्याने फाडून टाकली आणि मित्राला घरी जाण्याची मोकळीक दिली, ही हकीगत हंटर या अमेरिकन व्यापाऱ्याने आपल्या आठवणींत नोंदवली आहे. याच बंदराशी मुंबईचा संबंध कापसाचा होता आणि, सांगताना मान खाली जाते, माळव्याच्या अफूचाही. जमशेटजी जीजीभाई 1805 साली ज्या जहाजावरून चीनला निघाले होते ते फ्रेंचांच्या हाती सापडले, आणि त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. त्या ओळखीवर पुढे कित्येक दशकांचा व्यवहार उभा राहिला. विश्वास केवळ चिन्यांचीच मिरास नव्हती, हे यावरून दिसते. आणि विश्वासू माणसांच्या हातून विषही विकले जाते, हेही नाकारता येत नाही.

सिंगापूर, बँकॉक, मलाया येथे पोट भरायला गेलेल्या मजुरांची कहाणी मला या साऱ्यांहून हृद्य वाटते. फूच्येन आणि क्वांगतुंग प्रांतांतले हे लोक घरी पैसे आणि पत्र एकाच लिफाफ्यातून पाठवत. प्रथम ते गावचाच कोणी फेऱ्या करणारा माणूस नेई, पुढे त्यासाठी पेढ्या निघाल्या. पैसे घरपोच देणारा माणूस पोच म्हणून उत्तराची चिठ्ठी घेऊन परते, आणि म्हातारीला लिहिता येत नसेल तर ती लिहूनही देई. मजुराची गाठ रिकामी असली तर कित्येकदा पेढीच पदरची रक्कम भरून मागाहून वसूल करी. ‘छ्याओपी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पत्रांना 2013 साली युनेस्कोने जागतिक स्मृतिसंग्रहात स्थान दिले. 1980 साली चीनने परकीय भांडवलासाठी चार विशेष क्षेत्रे उघडली, त्यांत शांतौ आणि शियामेन होती, म्हणजे ज्या बंदरांतून ही माणसे बाहेर पडली होती तीच. करारांचा कायदा तेव्हा धड जन्मालाही आला नव्हता. पुष्कळ भांडवल परतले ते गावच्या आणि गोताच्या ओळखीवर.

ही व्यवस्था वलयाबाहेरच्या माणसाला निष्ठुर होती, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्याला जामीन नाही तो कितीही गुणी असला तरी पिंगयावच्या पेढीची पायरी त्याला चढता येत नसे. आणि संबंध जेव्हा सरकारदरबारी जडत, तेव्हा ते दरबाराबरोबर बुडतही. सरकारी भरण्यावर सुस्तावलेली रशंगछांग बादशाही राजवट कोसळल्यावर 1914 साली बसली. त्याआधी हांगचौचा हू श्वेयान, सेनापती त्सो त्सुंगतांगच्या मोहिमांसाठी परदेशी बँकांकडून कर्जे उभारून देणारा मातबर सावकार, रेशमाचा साठा करून परदेशी व्यापाऱ्यांना नमवायला निघाला. 1883 साली भाव पडले, ठेवीदार दारात उभे राहिले, पेढी बंद पडली, आणि दोन वर्षांत तो निवर्तला. त्याने काढलेले औषधालय मात्र आजही चालू आहे. तेथे ‘फसवणूक वर्ज्य’ अशा अर्थाची दोन अक्षरे कोरलेली पाटी आहे. ती गिऱ्हाइकाकडे नव्हे, आतल्या नोकरांकडे तोंड करून टांगलेली आहे.

त्याच हांगचौ शहरात 2003 साली संगणकावरून खरेदी-विक्री करणाऱ्या एका कंपनीपुढे जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला : एकमेकांना कधीही न पाहिलेल्या दोघांनी आधी काय सोडावे, पैसा की माल? तोड निघाली ती अशी, की पैसा मध्यस्थाकडे राहावा आणि माल पसंत पडल्यावरच विक्रेत्याला मिळावा. पहिला सौदा जपानमधील एका विक्रेत्याच्या वापरलेल्या कॅमेऱ्याचा झाला. गिऱ्हाईक शीआनचा एक विद्यार्थी. पैसे भरल्यावर त्याचे मन कचरले आणि तो सौदा मोडायला निघाला. तेव्हा कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने त्याला दूरध्वनी केला, आणि पैसे बुडाले तर आपल्या पगारातून भरून देईन असा शब्द दिला, असे सांगतात. विद्यार्थ्याने सौदा कायम ठेवला.