शिपायाचा मूळ धंदा

पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढलेल्या एरिक मारिया रेमार्क यांची कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली. 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या तिच्या इंग्रजी नावानेच लुइस माइलस्टोन यांनी १९३० साली अमेरिकेत बोलपट काढला. आपल्यापैकी काहींनी तो पाहिला असेल. त्यातील तोफा, खंदक आणि तारांची कुंपणे सर्वांच्या लक्षात राहतात. आम्ही मात्र, सवयीने म्हणा, दुसरीच चौकशी करतो: अंगावर गणवेश चढण्यापूर्वी ही माणसे पोटासाठी काय करीत होती?

कादंबरीत याचे उत्तर आहे. ट्याडेन कुलुपे बनवणारा. वेस्टहुस जळणासाठी दलदलीची माती खणणारा मजूर. डेटरिंग शेतकरी. कोठूनही भाकरतुकडा पैदा करणारा काट जोडे शिवणारा. पोरांना चिखलात लोळवणारा हिमेलश्टोस तर गावचा टपालवाला! हाती अधिकार आला की साध्या माणसाचे काय होते, हे आम्ही मुकादमांच्या रूपाने पुष्कळ पाहिले आहे. नायक पाउल आणि त्याचे सोबती मात्र मास्तरांचे भाषण ऐकून वर्गातून थेट भरतीला गेलेले. रजेवर आलेला पाउल त्याच वर्गात खरे ते सांगतो, तेव्हा नवी पोरे त्याला भित्रा ठरवतात. हा प्रसंग कादंबरीत नाही. बोलपटाने घातला, आणि चांगले केले.

एकदा पोटभर जेवल्यावर हे शिपाई, युद्ध नक्की हवे होते कोणाला, असा हिशेब मांडतात. आपल्यासारख्याच फ्रेंच कामकऱ्याशी आपले वैर कसले, हे कोणालाच सांगता येत नाही. असले बोलणे काहींना झोंबणारच. डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनच्या चित्रपटगृहात गोबेल्सच्या माणसांनी पांढरे उंदीर सोडले, दुर्गंधीचे गोळे फेकले. जर्मन शिपायाची बदनामी होते, हा त्यांचा आरोप. आठवड्याच्या आत बोलपटावर बंदी आली. मे १९३३ मध्ये पुस्तकही जाळले गेले.

आमच्या मनातून न जाणारा प्रसंग खड्ड्यातला. पाउल एका फ्रेंच शिपायाला भोसकतो आणि तो मरेपर्यंत त्याच्याजवळ अडकून पडतो. रेमंड ग्रिफिथ या मूकपटांतील विनोदी नटाने हा शिपाई एक शब्दही न बोलता उभा केला. त्याचा आवाज लहानपणीच बसलेला होता. मृताच्या खिशात बायको-मुलीचे छायाचित्र सापडते. कादंबरीत त्याचा धंदाही कळतो: जेरार द्युवाल, छापखान्यात खिळे जुळवणारा. रेमार्कचे वडील पुस्तकबांधणी करीत. म्हणजे हा त्यांच्याच बिरादरीतला.

याच्या जागी आता आपणच छापखान्यात कामाला लागले पाहिजे, असे पाउलला त्या खड्ड्यात वाटते. सोबत्यांत परतल्यावर ते वाटणे ओसरते.