फायकसची पानगळ आणि पाण्याचा तांब्या

नर्सरीत नुसतं ‘फायकस’ म्हणून विकलं जाणारं, लोंबत्या फांद्यांचं आणि चकचकीत टोकदार पानांचं झाड म्हणजे फायकस बेंजामिना. नांदेड-लातूरच्या बंगल्यांपुरतं ते आता राहिलेलं नाही. नायगाव, नरसी, देगलूरच्या स्लॅबच्या नव्या घरांतही त्याची कुंडी ठेवली जाते. त्याच्याविषयीची तक्रार एकच असते: आणलं तेव्हा भरगच्च होतं, महिनाभरात निम्मी पानं गळाली. त्यावर केला जाणारा उपायही ठरलेला, आणखी पाणी. हा उपाय चुकीचा आहे, हे मला इथे मांडायचं आहे. पानं गाळून हे झाड नव्या जागेशी जुळवून घेत असतं. त्यातून ते सावरतं. बहुतेक वेळा मरतं ते पानगळ पाहून घाबरून ओतलेल्या पाण्याने.

वड, पिंपळ, उंबर आणि नांद्रुक यांच्याच कुळातलं हे झाड. पान तोडलं की पांढरा चीक येतो, मोकळ्या जमिनीत मोठं झालं की पारंब्या सुटतात. लिनियसने १७६७ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा नैसर्गिक वावर आहे, त्यामुळे त्याला परदेशी म्हणण्याचं कारण नाही. मोकळ्या उन्हात वाढलेल्या फायकसची पानं जाड असतात आणि ती पोसायला भरपूर प्रकाश लागतो. भर दुपारच्या उन्हात प्रकाश एक लाख लक्सच्या घरात असतो. खिडकीपासून आठ-दहा फूट आत तो काही शेकड्यांवर येतो. आपले डोळे सरावतात म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही, झाडाला मात्र तो लगेच कळतो. जे पान स्वतःचं पोट भरू शकत नाही ते झाड गाळतं आणि कमी प्रकाशात भागेल अशी पातळ पानं नव्याने काढतं. फ्लोरिडातल्या अपोपका इथल्या संशोधन केंद्रात चार्ल्स कोनोव्हर आणि रिचर्ड पूल यांनी १९७० च्या दशकात घरात ठेवायच्या झाडांवर याच अंगाने काम केलं. घरात नेण्याआधी सावलीत आणि बेताच्या खतावर वाढवलेली झाडं आत गेल्यावर पानं कितीतरी चांगली टिकवतात, असं त्यातून दिसलं. आपल्याकडे ही पूर्वतयारी सहसा होत नाही. नांदेडवरून वाहत गेलेली गोदावरी पुढे जिथे समुद्राजवळ पोचते, त्या आंध्रातल्या कडियम परिसरातल्या नर्सरींमधून रोपं ट्रकने देशभर जातात. ट्रकमधला अंधार, मग नर्सरीचं ऊन, मग दिवाणखान्याचा कोपरा, असे तीन बदल थोड्या दिवसांत सोसलेल्या झाडाने पानं गाळली नसती तरच नवल. म्हणून रोप घेताना हिरव्या शेडनेटखालचं घ्यावं. उन्हातलं असेल तर दोन-तीन आठवडे ओसरीत किंवा सज्जाखाली ठेवून मग आत न्यावं.

आता पाण्याचं. पानं कमी झाली की पानांवाटे उडून जाणारं पाणीही कमी होतं, म्हणजे गळतीनंतर झाडाची तहान घटलेली असते. नेमकं तेव्हाच आपण तांब्या दुप्पट करतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. भिजून घट्ट बसलेल्या मातीत ती मिळत नाही, मुळं सडतात, आणि मग खरोखरच मरणारं झाड पुन्हा पानंच गाळतं. त्यावर आणखी पाणी पडतं. आपल्या भागात हा घोळ वाढतो तो काळ्या मातीमुळे. शेतात ही माती सोनं आहे, कारण ती ओल धरून ठेवते. कुंडीत तोच गुण दोष ठरतो. ओली असताना ती चिकट होऊन हवा अडवते. वाळली की आकसते, भेगाळते आणि कुंडीच्या काठापासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट तळाच्या भोकातून बाहेर येतं. झाडाला पाणी पोचलं असं आपल्याला वाटतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. शेतातून टोपलीभर माती आणून कुंडी भरायची सवय इथे सोडावीच लागेल. दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, जोडीला थोडं कोकोपीट, एवढ्याने काम होतं. वरची दोन इंच माती बोटाला कोरडी लागली की तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावं आणि ताटलीत साचलेलं फेकावं. त्यासाठी वार ठरवू नयेत. त्याच झाडाला मेमध्ये आठवड्यातून तीनदा पाणी लागेल आणि डिसेंबरात एकदाच पुरेल.

बोअरच्या पाण्याचाही विचार करायला हवा. इथलं बरंचसं बोअरचं पाणी जड असतं. कुंडीच्या काठावर साचणारा पांढरा थर क्षारांचा असतो, आणि पानांच्या कडा तपकिरी होण्यामागे बरेचदा तोच असतो. पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरून ठेवता आलं तर उत्तम. नाहीतर जून ते सप्टेंबर कुंडी अधूनमधून पावसाच्या भुरभुरीत, थेट उन्हात न नेता, ठेवावी, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घातलं जातं. पण त्यात क्षार आणखी दाटलेले असतात, ते फरशी पुसायला वापरावं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात शोभेच्या झाडावर पाणी कशाला खर्चायचं? टँकरवर दिवस काढलेल्या घराने असं विचारणं रास्तच आहे. पण हिशेब मांडून पाहा. बारा इंची कुंडीला एका वेळी दीड-दोन लिटर पाणी पुरतं, आणि ते तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी विसळलेलं, मीठ-साबण नसलेलं चालतं. अंगणातल्या हिरवळीला लागणाऱ्या पाण्याशी याची तुलनाच होत नाही. शिवाय जास्त पाण्याने मरणारं हे झाड पाणी मोजून वापरायला लावतं. टंचाईत त्याला थोडा ताण बसला तर ते पानं गाळेल, पण मरणार नाही. फांदी नखाने खरवडली आणि आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे, वाट पाहावी.

दुसरा आक्षेप चिकाचा. दुधाळ चीक येणारं झाड घरात नको, असं वडीलधारी माणसं सांगतात. शुभ-अशुभाचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा, पण सावधगिरी म्हणून हे सांगणं दुर्लक्षण्यासारखं नाही. या चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, आणि घरात फायकस असलेल्या माणसांना त्याची श्वासाची ॲलर्जी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दम्याचा रुग्ण किंवा पानं तोंडात घालणारं रांगतं मूल असेल त्या घराने दुसरं झाड निवडावं. इतरांनी छाटणीला हातमोजे घालावेत आणि पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसत राहावी. हे झाड हवा शुद्ध करतं म्हणून कोणी विकत असेल तर मात्र विश्वास ठेवू नये. तो समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगावर उभा आहे, आणि तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. उघडझाप होणाऱ्या खऱ्या घरात खिडकीतल्या वाऱ्याइतकं काम करायला दर चौरस मीटर जागेत किमान दहा, कदाचित हजार झाडं लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. हिरवेपणाचं सुख हे कारण पुरेसं आहे, खोट्या कारणाची गरज नाही.

जागेबाबत पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी, तिच्यापासून तीन-चार फुटांच्या आत, ही इथली सर्वांत चांगली निवड. पश्चिमेचं एप्रिल-मेचं ऊन काचेतून पानं भाजतं. कूलरचा झोत थेट अंगावर नको, पण कूलर चालू असलेल्या खोलीतला ओलसरपणा त्याला मानवतो. पानं मधोमध दुमडून त्यावर लालसर ठिपके आले तर आत फुलकिडे आहेत. ती पानं तोडून जाळावीत. कापसासारखा पांढरा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण, त्याला निंबोळी अर्क आणि ओलं फडकं पुरतं. कुंडी दोन-तीन वर्षांनी, मृगाचा पाऊस पडून हवा निवल्यावर, एकाच मापाने मोठी करावी.

दिवाळीच्या साफसफाईत आणि रंगकामात कुंड्या घरभर फिरतात, त्यात थंडीही सुरू होत असते. फायकसची कुंडी शक्यतो हलवू नका. हलवावीच लागली तर खिडकीकडच्या बाजूला खडूने खूण करून ठेवा आणि काम होताच ती त्याच जागी, त्याच बाजूने परत ठेवा. तरीही पानं गळाली तर ती झाडून घ्या, आणि माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणी घालू नका.