श्वासाचा हिशेब : भाग ४ – धुळीचं वजन

पीएम २.५ म्हणजे काय, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असे हे कण मोजायचे कसे? खरं तर एकेक कण कुणी मोजत बसत नाही. हवा गाळतात आणि गाळणीवर जे उरतं ते तोलतात.

यंत्राचा पंप मिनिटाला १६.६७ लिटर, म्हणजे तासाला एक घनमीटर हवा ओढतो. आत शिरताच हवेला एकदम वळावं लागतं. जड कणांना ते वळण साधत नाही, ते समोर आदळून तिथेच अडकतात. अडणाऱ्या आणि निसटणाऱ्या कणांमधली सीमा तंतोतंत नसते. बरोबर २.५ मायक्रॉनच्या कणांपैकी निम्मे अडतात, निम्मे पुढे निसटतात. पुढे असते ४७ मिलिमीटर व्यासाची टेफ्लॉनची पातळ चकती. ती आधी तोलून ठेवलेली असते, चोवीस तासांनी पुन्हा तोलतात.

आपल्याकडे २००९ च्या मानकांनुसार दिवसाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. हवा नेमकी त्या मर्यादेवर असेल तर चकतीचं वजन दिवसभरात वाढतं अवघं १.४४ मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा असतो, यावरून अंदाज घ्या. म्हणून चकतीला बोट लावायचं नाही, ती चिमट्यानेच उचलायची. तोलण्याआधी ती ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत चोवीस तास ठेवायची, नाहीतर धुळीऐवजी दमटपणाच तोलला जाईल. शहराच्या हवेबद्दलची सगळी चर्चा शेवटी या तराजूच्या खोलीतल्या शिस्तीवर उभी आहे, असं मला वाटतं.

मात्र हा निकाल हाती यायला वेळ लागतो. तासातासाचा आकडा हवा असेल तर गाळणीच्या पट्टीवर धूळ जमवून तिच्यातून बीटा किरण सोडतात. धूळ जितकी जास्त, तितके किरण कमी पार होतात. सरकारी स्वयंचलित केंद्रांवर ही पद्धत सर्रास दिसते.

स्वस्त सेन्सरचं काम वेगळं. तो कणांवर लेझरचा प्रकाश टाकून विखुरलेला उजेड पाहतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. मुंबईसारख्या दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा विनाकारण चढतो. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ च्या नियमावलीत बांधकामांच्या जागी सेन्सर लावायला सांगितलं. ते योग्यच झालं. पण हे सेन्सर त्याच शहरात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यातही, प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून ताडून घेतले पाहिजेत. तसं झालं नाही तर रहिवासी एक आकडा दाखवतील आणि बिल्डर दुसरा.

आणि मोबाइलवर दिसणारा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक? तो थेट मोजलेला आकडा नव्हे. वेगवेगळ्या प्रदूषकांचे उपनिर्देशांक काढून त्यातला सर्वांत वाईट तेवढा दाखवतात. कणांच्या बाबतीत तो चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो, त्यामुळे सकाळी शेजारी कचरा पेटवला तरी त्याचा धूर त्यात पातळ होऊन जातो. पीएम २.५ मुळे एक्यूआय १०० आला, तर हवेत ६० मायक्रोग्रॅम कण असतात आणि आपल्याकडे त्या हवेला ‘समाधानकारक’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसासाठी सुचवलेली पातळी १५ मायक्रोग्रॅम आहे. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर मोबाइलवरच्या एक्यूआयच्या रंगापाशी थांबू नका, त्याखालचा मायक्रोग्रॅमचा आकडा उघडून बघा.

पुढच्या आठवड्यात : मापनकेंद्र नाक्यावर उभारायचं की बागेत?