सरकारी पैशाची राखण : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिव जिल्ह्यात एखाद्या गावच्या कामाविषयी कुरबुर सुरू झाली की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. सरपंचाच्या बाजूचे म्हणतात, ‘ऑडिट झालंय, सगळं ओके आहे.’ विरोधक म्हणतात, ‘ऑडिटमध्ये सापडलंय, म्हणजे पैसे खाल्लेच.’ दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. या चुकीपायी कितीतरी खऱ्या तक्रारी भलत्याच टेबलावर जाऊन पडतात.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालय तपासते. या कामाचा मूळ कायदा 1930 चा. लेखापरीक्षकासमोर येतात ते कागद : प्रमाणके (व्हाउचर), अंदाजपत्रक, निविदा, साठा नोंदवही, मोजमाप पुस्तिका. प्रमाणक मिळाले नाही की ती रक्कम ‘आक्षेपाधीन’ लिहिली जाते. ठेकेदाराला जादा पैसे गेले किंवा बिलातून कपात राहिली, तर ती ‘वसूलपात्र’ ठरते. पहिल्या प्रकारात हरवलेले प्रमाणक सादर केले तर परिच्छेद वगळला जातो. म्हणजे आक्षेप हा विचारलेला प्रश्न असतो, निकाल नव्हे. उलट रस्त्याचा थर पातळ आहे पण मोजमाप पुस्तिकेत तो पुरा लिहिला आहे, अशा ठिकाणी कागद चोखच दिसणार. त्यामुळे ‘ऑडिट झालंय’ हे कामाच्या दर्जाचे प्रमाणपत्र समजू नये.

कॅग म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. त्यांच्याविषयीचा गैरसमज याहून मोठा आहे. कॅगने ताशेरे ओढले, आता अटक होणार, असे अनेकांना वाटते. कॅगला गुन्हा नोंदवण्याचा किंवा अटकेचा अधिकारच नाही. मराठवाडा आणि विदर्भातील सरकारी कार्यालयांची तपासणी नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडून होते. राज्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात जातो आणि लोकलेखा समिती सचिवांची साक्ष घेते. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांसाठी विधिमंडळाची वेगळी पंचायत राज समिती आहे. जलयुक्त शिवार या जलसंधारण योजनेचे उदाहरण घ्या. शेजारचे सोलापूर आणि बीड धरून सहा जिल्ह्यांतली कामे तपासलेला कॅगचा अहवाल सप्टेंबर 2020 मध्ये विधिमंडळात आला. योजनेवर 9,600 कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात तिला फारसे यश आले नाही, असे त्यात म्हटले होते. कॅगचे काम तिथे संपले. खुल्या चौकशीचा निर्णय ऑक्टोबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला.

लोकायुक्तांचेही तसेच. महाराष्ट्राने 1971 मध्ये कायदा करून हे पद निर्माण केले. पण त्या कायद्याने लोकायुक्तांना शिक्षेचा नव्हे, चौकशी करून शिफारस करण्याचा अधिकार दिला.

मग अटक कोण करते? लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. त्याच्याकडे जायला लोक कचरतात, आणि त्यामागची कारणे ऐकीव असतात. ‘लाच देणाराही अडकतो,’ हे त्यातले सर्वांत पक्के. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हा गुन्हा आहे, हे खरे. पण जबरदस्तीने लाच द्यावी लागलेल्या माणसाने सात दिवसांत तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे. आधी विभागाला कळवून सापळ्यासाठी पैसे देणाऱ्यालाही हा गुन्हा लागत नाही. टोल फ्री क्रमांक 1064 आहे.

सापळा कसा लागतो हे माहीत असले की निम्मी भीती जाते. तक्रार आली की आधी पडताळणी होते, म्हणजे पंचांसमक्ष मागणी खरोखर होते का ते पाहतात आणि आवाज ध्वनिमुद्रित करतात. पंच दुसऱ्या खात्याचे सरकारी कर्मचारी असतात. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून त्यांवर ॲन्थ्रासीन पावडर लावली जाते. साध्या उजेडात ती दिसत नाही, अतिनील दिव्याखाली मात्र बोटे निळसर चमकतात. तरीही नुसती चमकणारी बोटे पुरत नाहीत. लाच मागितल्याचे आणि स्वीकारल्याचे सिद्ध व्हावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर 2022 मध्ये पुन्हा सांगितले. तक्रारदार फितूर झाला तरी इतर पुराव्यांवरून शिक्षा होऊ शकते, हेही त्याच निकालात आहे. म्हणून पडताळणीतले ते ध्वनिमुद्रण इतके मोलाचे.

पण सापळ्यात लाच घेणारा हात सापडतो. न खोदलेली विहीर सापळ्यात सापडत नाही. तिच्यासाठी गावच लागते, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित राहिलेला पहारा हाच आहे. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा हक्क दिला. 2011 च्या नियमांनी त्याची पद्धत ठरवली आणि सहा महिन्यांतून एकदा अंकेक्षण बंधनकारक केले. अंकेक्षण करणारी माणसे हजेरीपट घेऊन घरोघर जातात, जॉबकार्ड आणि बँक पासबुक पडताळतात, कामावर जाऊन टेप लावतात. आपल्याकडे याचे महत्त्व वेगळेच आहे. दिवाळीनंतर कळंब, वाशी, भूम, परंड्यातली कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यातल्या कुणाचे नाव जानेवारीतल्या गावच्या हजेरीपटावर असेल, तर लेखापरीक्षकाला त्यात काही खटकणार नाही. सही आहे, बेरीज बरोबर आहे. पण शेजारीण एका वाक्यात सांगेल, ‘ते तर कोयत्यावर गेलेत.’ हे वाक्य ग्रामसभेत नोंदवले गेले पाहिजे. म्हणूनच त्या सभेच्या अध्यक्षपदी सरपंच किंवा यंत्रणेतला माणूस नसावा, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. कोरम भरल्याच्या सह्या घरी फिरवून घेतलेली सभा म्हणजे गावाचा हा हक्क हिसकावून घेणे आहे, आणि ते निमूटपणे चालू द्यायला नको.

‘जुने प्रकरण आहे, आता काही होत नाही,’ या समजाला तुळजापूरने उत्तर दिले आहे. तुळजाभवानी मंदिर संस्थानचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तरीही 1991 ते 2009 या काळात सिंहासन दानपेटीच्या लिलावात कोट्यवधींचा अपहार झाल्याचा आरोप झाला आणि सीआयडी चौकशी झाली. ती चौकशी बंद करण्याचा शासनाचा निर्णय उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे 2024 मध्ये रद्द केला आणि गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. आरोप सिद्ध होणे ही पुढची पायरी. पण वर्षे उलटली म्हणून अपहाराची तक्रार आपोआप निकाली निघत नाही.

एवढी वर्षे तक्रार टिकवायची तर हातात कागद हवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नको. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो 150 शब्द, हा नियम मात्र पाळावा, नाहीतर अर्ज परत येण्याचे निमित्त मिळते. उत्तर 30 दिवसांत यायला हवे, नाही आले तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे प्रथम अपील आणि पुढे माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरे. अर्जही न करता काम भागू शकते. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. तिथे गेल्यावर नुसते ‘कामाची फाईल’ म्हणू नका. अंदाजपत्रक, हजेरीपट आणि मोजमाप पुस्तिका अशी नावे घेऊन मागा.