गळ्याची जपणूक

तंबोऱ्याची तार तुटली, तर बाजारांतून दुसरी आणून चढवितां येते. मनुष्याच्या कंठांत निसर्गानें जें वाद्य बसविलें आहे, त्याची तार मात्र विकत मिळत नाहीं. म्हणून ज्यांस गाण्याची आवड आहे, त्यांनीं या वाद्याची रचना जाणून घेणें अगत्याचें आहे.

श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशीं स्वरयंत्र असतें व त्यांत दोन लवचिक स्वरतंतू असतात. आपण स्वस्थपणें श्वास घेतों, तेव्हां ते एकमेकांपासून दूर असतात. बोलूं किंवा गाऊं लागतांच ते जवळ येतात आणि फुप्फुसांतून येणाऱ्या वायूनें कंप पावतात. पुरुष साधें बोलत असतां हे कंप सेकंदास सुमारें १०० ते १२५, आणि स्त्री बोलत असतां सुमारें २०० होतात. स्वर चढेल तशी ही संख्या वाढते. मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकानें १८५४ सालीं दंतवैद्याचा लहानसा आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्यानें आपलेच स्वरतंतू हलतांना पाहिले होते.

इतक्या वेगानें एकमेकांवर आपटणारे हे नाजूक तंतू आरडाओरड्यानें सुजतात, आणि मग आवाज बसतो. अशा वेळीं पुष्कळजण घसा खाकरतात किंवा जोर देऊन कुजबुजतात. या दोहोंनींही ताण वाढतो. खरें औषध मौन हेंच होय. खडीसाखर व ज्येष्ठमध यांनीं घशास बरें वाटतें; परंतु गिळलेला पदार्थ अन्ननलिकेंत जातो, तो स्वरतंतूंस शिवत नाहीं. पाण्याचेंही तसेंच. तें सर्व शरीरांत भिनून मगच तंतूंस ओलावा देतें. म्हणून तें गाण्याच्या वेळींच नव्हे, तर दिवसभर थोडें थोडें प्यावें. तंबाखू व धूर वर्ज्य करावा. रियाजाचा आरंभ मंद्र व मध्य स्वरांनीं करावा आणि गळा दुखूं लागण्यापूर्वींच थांबावें. बसलेला आवाज तीन आठवड्यांत न सुधारल्यास डॉक्टरांस दाखवावें.

मुलगे वयांत येतात, तेव्हां स्वरयंत्र झपाट्यानें वाढतें. तंतू लांब व जाड होतात आणि आवाज फुटतो. काल सहज लागणारा तार षड्ज आज लागत नाहीं. हा रोग नव्हे, वाढ आहे. या काळांत पूर्वींचाच उंच स्वर ओढून काढण्याचा अट्टाहास करूं नये. जेवढा सुखानें लागेल तेवढाच स्वर गावा.

भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) लहानपणीं किर्लोस्कर नाटक मंडळींत गोड गळ्याचे नट म्हणून नांवाजले होते. पुढें त्यांचा आवाज फुटला आणि भूमिका हातच्या गेल्या. त्यांनीं गाणें सोडलें नाहीं. फैज महंमदखां, नत्थनखां व अल्लादियाखां यांच्याकडे त्यांनीं वर्षानुवर्षें तालीम घेतली. तेच भास्करबुवा पुढें बालगंधर्वांचे गुरु झाले आणि १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना त्यांनींच चाली दिल्या.

तेव्हां पालकहो, घरांतील मुलाचा आवाज चिरकूं लागला, तर त्याची थट्टा करूं नका आणि पाहुण्यांपुढें गाण्याचा आग्रहही धरूं नका. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हींही धीर सोडूं नका. या दिवसांत ताल, स्वरज्ञान आणि श्रवण यांचा अभ्यास वाढवा. गळा स्थिर होईल, तेव्हां तो व्यर्थ गेलेला नसेल.