एमएस्सीनंतर ‘क्वांटम’: ऐकीव काय, खरं काय

एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांच्या तोंडी हल्ली एक वाक्य हमखास असतं: ‘मला क्वांटममध्ये जायचंय.’ एप्रिल 2023मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, सहा हजार कोटींचा आकडा छापून आला आणि ही ओढ आणखी वाढली. ओढ चांगलीच आहे, पण तिच्यासोबत बऱ्याच ऐकीव गोष्टीही येतात.

‘क्वांटम म्हणजे क्वांटम कॉम्प्युटर.’ मिशनची चारच केंद्रं पाहा. संगणन बंगळुरूच्या आयआयएससीकडे आहे, संदेशवहन आयआयटी मद्रासकडे, संवेदन आणि मापन आयआयटी मुंबईकडे, तर पदार्थ आणि उपकरणं आयआयटी दिल्लीकडे. संवेदनात हिऱ्यातला एक दोष कामाला येतो: एका कार्बन अणूच्या जागी नायट्रोजन आणि त्याला लागून एक रिकामी जागा. त्यावर हिरवा लेसर टाकला की तांबडा प्रकाश बाहेर पडतो आणि त्याच्या तीव्रतेतल्या बारीक फरकावरून चुंबकीय क्षेत्र मोजता येतं. तेही खोलीच्या तापमानाला.

‘गणितात असामान्य असाल तरच या वाटेला जा.’ या समजुतीने चांगल्या हातांची मुलं मागे फिरतात, म्हणून थोडं सविस्तर.

अतिवाहक क्युबिट साधारण 5 गिगाहर्ट्झला चालतो. ही ऊर्जा तापमानात मोजली तर पाव केल्व्हिनच्या आसपास भरते. म्हणजे 1 केल्व्हिनला, शून्याखाली 272 अंशांना, उष्णतेचा धक्काच त्याची अवस्था विस्कटून टाकतो. म्हणून हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणावर चालणाऱ्या शीतकात तो 10-20 मिलिकेल्व्हिनपर्यंत उतरवतात. आता खरी डोकेदुखी सुरू होते. क्युबिटला संदेश द्यायला वरून केबल न्यावीच लागते आणि तीच खोलीतला औष्णिक गोंगाट आत घेऊन येते. मग प्रत्येक थंड टप्प्यावर अटेन्युएटर बसवत तो एकूण 60 डेसिबलने, म्हणजे दहा लाख पटीने कमी करायचा. एक जोड सैल राहिला, निर्वातात कुठे गळती निघाली, की सगळं पुन्हा गरम करून उघडा. पीएचडीचे कित्येक महिने यातच जातात.

एमएस्सीत हायड्रोजनचा अणू कागदावर सोडवणं हवंच. घनता मॅट्रिक्स पक्की हवी, पायथन हवं. पण सोल्डरिंगचा कंटाळा असेल तर प्रायोगिक प्रयोगशाळा मानवणार नाही. 2025चं भौतिकीचं नोबेल ज्या प्रयोगांसाठी मिळालं ते 1984-85मध्ये बर्कलीत झाले. तिघा मानकऱ्यांपैकी जॉन मार्टिनिस तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते आणि काम होतं विद्युत मंडलावर.

‘नेट-जेआरएफ निघाली की झालं.’ जेआरएफ म्हणजे शिष्यवृत्ती: पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000, शिवाय घरभाडं भत्ता. (पीएचडी म्हणजे घरच्यांवर भार, हेही त्यात निकालात निघतं.) पण प्रयोगशाळेत जागा मिळते ती मुलाखतीतून. जेस्ट, गेट, टीआयएफआरची स्वतःची परीक्षा असे दरवाजे वेगळेच.

‘खरं काम परदेशातच.’ 2024मध्ये टीआयएफआर, डीआरडीओची पुण्यातली क्वांटम प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्युबिटचा प्रोसेसर चालवून दाखवला. चिप कुलाब्यात, टीआयएफआरमध्ये बनली. जगातल्या मोठ्या यंत्रांपुढे सहा क्युबिट थोडेच, पण शिकायला लागणारी प्रत्येक पायरी त्यात आहे.

राहिला ऑनलाइन कोर्सच्या प्रमाणपत्राचा प्रश्न. तयार सॉफ्टवेअरवर चार गेट चालवता येतात हे कळायला ते पुरेसं आहे. मुलाखतीत विचारतात ते शेवटच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टबद्दल: मोजमापातली त्रुटी कुठून आली आणि तुम्ही ती कशी शोधलीत. तो प्रोजेक्ट क्वांटमचाच हवा असं काही नाही. लेसर, निर्वात, नीच तापमान, सूक्ष्मलहरी यांपैकी एकावर हात बसला असेल, तर गाईडला तुमच्याशी बोलायला विषय मिळतो.