विद्युत मोटारगाडीतील शीतकाची घट

विद्युत मोटारगाडीतील शीतकाची घट म्हणजे बॅटरी, मोटर आणि विद्युत नियंत्रक उपकरणे थंड ठेवणाऱ्या द्रवाची पातळी, उघड गळती दिसत नसतानाही, कमी होत जाणे. व्यवहारात ‘कूलंट’ म्हटले जाणारे हे शीतक बहुधा पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण असते आणि त्यात गंजरोधक रसायने मिसळलेली असतात. पेट्रोल किंवा डिझेल एंजिनात शीतक ज्वलनकक्षात शिरून वाफेच्या रूपाने धुराड्यावाटे निघून जाऊ शकते. विद्युत मोटारगाडीत ही वाट नसते. त्यामुळे कमी झालेला द्रव गाडीबाहेर सांडला की गाडीतच दुसऱ्या एखाद्या भागात शिरला, हे ठरवणे हा निदानाचा गाभा असतो.

शीतकाचा मार्ग

विजेवर चालणारे पंप शीतकाला टाकीतून मोटर, इन्व्हर्टर, चार्जर व रेडिएटर यांमधून फिरवतात. बॅटरीसाठी बहुधा वेगळा परिपथ असतो. त्यातील शीतक बॅटरीतील घटांना लागून असलेल्या धातूच्या पोकळ पट्ट्यांतून वाहते. ‘चिलर’ या उष्णता विनिमयकात वातानुकूलन यंत्रणेतील प्रशीतक वायू बॅटरीच्या शीतकाला अधिक थंड करतो. सर्व गाड्यांची रचना सारखी नसते. टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी द्रवाने थंड केली जाते, तर निसान लीफच्या सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये मोटर व इन्व्हर्टर द्रवाने थंड होत, पण बॅटरी हवेने. म्हणून निदानापूर्वी कोणत्या परिपथाची टाकी रिकामी होत आहे, हे पाहावे लागते.

खरी आणि भासमान घट

गरम शीतक प्रसरण पावते. त्यामुळे पातळीची तुलना गाडी थंड असताना आणि सपाट जागी उभी असतानाच करता येते. दुरुस्तीनंतर परिपथात अडकलेली हवा बाहेर पडली की पातळी एकदा खाली जाते व तेथेच स्थिरावते. रबरी व प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या भिंतींतूनही पाण्याचा अत्यल्प अंश वर्षानुवर्षे झिरपत असतो. मात्र द्रव भरल्यावर पातळी पुन्हा पुन्हा खाली जात असेल, तर ती गळतीच समजली जाते. टाकीवर खूण करून तारीख व गाडीने कापलेले अंतर नोंदवल्यास घटीचा वेग कळतो.

निदानाचा क्रम

प्रथम बाहेरून दिसणारे भाग तपासले जातात : नळ्यांचे जोड, पंपाचे सील, झडपा आणि दगड लागण्याची शक्यता असलेला रेडिएटर. गाडीच्या तळाला असलेले आच्छादन थेंब अडवून धरते. त्यामुळे जमीन कोरडी असणे हा गळती नसल्याचा पुरावा ठरत नाही. वाळलेल्या शीतकाचे पांढरट किंवा रंगीत थर गळतीची जागा दाखवतात. वातानुकूलन यंत्रणेतून ठिबकणारे स्वच्छ पाणी मात्र नेहमीचेच असते.

त्यानंतर थंड परिपथावर उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेत दाब देऊन मापकाचे निरीक्षण केले जाते. दाब उतरत असूनही बाहेर थेंब दिसत नसेल, तर परिपथाचे भाग एकेक करून वेगळे केले जातात. जंबुपार प्रकाशात चमकणारा रंग शीतकात मिसळूनही गळती शोधता येते. परंतु कमी विद्युतवाहक शीतक वापरणाऱ्या गाडीत उत्पादकाने मान्य केलेलाच रंग वापरावा लागतो.

अंतर्गत गळतीची लक्षणे जागेनुसार बदलतात. गिअरपेटीच्या तेलात शीतक मिसळल्यास तेल दुधाळ दिसते. शीतकावर चालणारा केबिनचा हीटर गळू लागल्यास गोडसर वास येतो व काचेवर धुरकट थर बसतो. चिलरमध्ये प्रशीतकाचा दाब जास्त असल्याने बहुधा प्रशीतकच शीतकात शिरतो. मग टाकीत बुडबुडे येतात आणि द्रव झाकणावाटे बाहेर ढकलला जातो.

बॅटरीतील गळती

सर्वांत गंभीर शक्यता बॅटरीच्या बंद पेटीत शीतक साचण्याची असते. तेथे ते विद्युतभारित भागांमध्ये वाहक मार्ग निर्माण करू शकते. त्यामुळे उच्चदाब परिपथ व गाडीचा सांगाडा यांमधील निरोधन रोध घटतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक १०० मध्ये एकदिश विद्युत परिपथासाठी हा रोध दर व्होल्टला किमान १०० ओहम, म्हणजे ४०० व्होल्टसाठी ४० हजार ओहम, असा ठरवला आहे. शीतकाच्या घटीबरोबर निरोधनदोषाची सूचना दिसल्यास गाडी वापरातून काढली जाते.

या धोक्याचे परिचित उदाहरण अमेरिकेतील आहे. मे २०११ मध्ये शेव्हरोले व्होल्ट या प्लग-इन हायब्रिड गाडीची बाजूने खांबावर आदळण्याची चाचणी झाली. तीत बॅटरीला इजा होऊन शीतक गळले आणि सुमारे तीन आठवड्यांनी उभ्या गाडीने पेट घेतला. जनरल मोटर्सने जानेवारी २०१२ मध्ये बॅटरीभोवतीची रचना मजबूत करण्याचे व शीतकाच्या टाकीत पातळी मोजणारा संवेदक बसवण्याचे जाहीर केले. टाकी प्रमाणाबाहेर भरली जाऊ नये, अशीही तजवीज त्यात होती.

दक्षता

नुसता द्रव भरत राहिल्याने गळती थांबत नाही. बॅटरीच्या पेटीत गळती असल्यास आत साचणारा द्रव उलट वाढत जातो. चुकीच्या प्रकारचे शीतक किंवा नळाचे पाणी घातल्यास मिश्रणाची विद्युतवाहकता वाढते. गरम टाकीचे झाकण उघडणे टाळावे लागते. नारिंगी रंगाच्या उच्चदाब तारांजवळील काम प्रशिक्षित तंत्रज्ञाने, वीजपुरवठा तोडून व ठरवलेला वेळ थांबूनच करायचे असते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असल्याने सांडलेला द्रव मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवून लगेच पुसला जातो.